कंडक्टर नसलेल्या बसमध्ये: सांगलीहून ब्रिटनला शिकायला जाणाऱ्यांसाठी

विश्रामबागच्या थांब्यावर सांगलीकडं जाणाऱ्या गाडीत चढलं की आपण दोनच शब्द बोलतो, "मास्तर, स्टँड." पुढचं सगळं मास्तर बघतात. अंगठ्यानं मशीनची बटणं दाबतात, बोटभर तिकीट फाडून हातात देतात, सुट्टे मागतात, "आत सरका, आत जागा हाय" म्हणून गर्दी पुढं ढकलतात. मार्केट यार्ड आलं की नाव पुकारतात. हातात पिशवी घेतलेली आजी खाली उतरून दोन पावलं बाजूला झाली की मगच दोरी दोनदा ओढतात आणि गाडी हलते.

ब्रिटनमधल्या बसमध्ये हा माणूस नसतो. ड्रायव्हर असतो, पण तो गाडी चालवतो. गाडी थांबवायची, तिकीट ठरवायचं, थांबा ओळखायचा, वेळेत घंटी द्यायची, उरलेले पैसे सांभाळायचे, ही मास्तरांची सगळी कामं तुमच्याकडं येतात. हे एवढं एक ध्यानात घेतलं तर तिकडच्या बसमधलं काहीच अवघड नाही. ते कुणी सांगत नाही, म्हणून पहिला महिना अवघड जातो.

मी उत्तर इंग्लंडमधल्या एका शहरात एम.एस्सी. केलं आणि परत सांगलीत आले. दर वर्षी जून-जुलैत ओळखीची, ओळखीच्यांच्या ओळखीची मुलं घरी येतात. व्हिसाचं विचारतात, बँकेत किती पैसे दाखवायचे ते विचारतात, कुकर न्यायचा का विचारतात. बसचं कुणीच विचारत नाही. आणि सप्टेंबरात तिकडून पहिला फोन येतो तो बसचाच. "ताई, तिकडं बस थांबलीच नाही." म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे. लिहिलंय ते मुख्यतः इंग्लंडचं. स्कॉटलंडचं आणि जर्मनीचं जिथं वेगळं आहे तिथं तसं सांगितलंय.

खोली घेण्याआधी बस बघा

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय तुम्ही सांगलीत बसूनच घेता आणि तो खोलीचा असतो. मुलं भाडं बघतात, फोटो बघतात, विद्यापीठ किती मैल ते बघतात. मैलांवरून काही कळत नाही. विद्यापीठापासून चार मैलांवरची खोली एका थेट बसच्या रस्त्यावर असेल तर ती दोन मैलांवरच्या, दोन बस बदलाव्या लागणाऱ्या खोलीपेक्षा चांगली. कारण लंडनबाहेर साधारणपणे प्रत्येक बसचं तिकीट वेगळं पडतं. दोन बस म्हणजे दोन तिकिटं, तीही जाताना आणि येताना.

तपासायचं कसं? फोनवरच्या नकाशात खोलीचा पत्ता आणि विद्यापीठाच्या तुमच्या विभागाचा पत्ता टाका. नुसतं विद्यापीठाचं नाव टाकू नका, कारण काही विद्यापीठांचे परिसर शहरभर पसरलेले असतात. मग बसचं चिन्ह निवडा आणि निघायची वेळ बदलून तीनदा बघा: सोमवारी सकाळी साडेआठ, बुधवारी रात्री साडेदहा आणि रविवारी संध्याकाळी सहा. या वेळा ब्रिटनच्या घड्याळाप्रमाणं. सोमवारी दर दहा मिनिटांनी दिसणारी बस रविवारी तासाला एक झालेली दिसली तर दचकू नका, तिकडं ते नेहमीचं आहे. पण रात्री साडेदहाला एकही बस दिसत नसेल आणि तुम्ही संध्याकाळचं अर्धवेळ काम धरणार असाल, तर ती खोली घेऊ नका. स्वस्त खोलीत वाचलेले पैसे टॅक्सीत जातात.

आई-वडील शेजारी बसले असतील तर त्यांनाही हे दाखवा. "लांब आहे का जवळ" या प्रश्नाचं खरं उत्तर त्यांना तिथं दिसतं.

निघण्याआधीची दोन कामं

पहिलं काम कार्डाचं. तिकडं बसमध्ये कार्ड यंत्राला टेकवून पैसे देतात. आपल्याकडच्या कार्डांवर रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार परदेशातले आणि टेकवून करायचे व्यवहार ग्राहकानं स्वतः सुरू करावे लागतात. डेबिट कार्ड असो वा फॉरेक्स कार्ड, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन या दोन्ही गोष्टी चालू आहेत का ते सांगलीतच बघा. विमानातून उतरून, दोन बॅगा घेऊन, मागं दहा माणसं उभी असताना कार्ड नाकारलं गेलं तर फार कोंडल्यासारखं होतं. तिकडचं बँक खातं उघडायला वेळ जातो, तोवर हेच कार्ड चालवायचं आहे. प्रत्येक परदेशी व्यवहारावर तुमची बँक किती कापते तेही विचारून घ्या. रोज दोनदा टेकवणार म्हणजे ती रक्कम महिन्याला साठते.

दुसरं काम सरावाचं, आणि हे मी प्रत्येकाकडून करून घेते. सांगली स्टँडवरून मिरज गाडीत बसा. फोनवर नकाशा उघडा, उतरायचं ठिकाण भारती हॉस्पिटल धरा आणि ठरवा की आज मास्तरांना काही विचारायचं नाही, खिडकीबाहेरच्या ओळखीच्या दुकानांकडंही बघायचं नाही. नकाशावरचा निळा ठिपका सरकताना बघून, आता एक थांबा राहिला, आता उठायचं, हे स्वतः ठरवा. आमच्या शेजारच्या मुलानं हे पहिल्यांदा केलं तेव्हा तो थेट मिशन हॉस्पिटलपर्यंत गेला. ठिपका जरा मागं राहतो आणि गाडी पुढं गेलेली असते, हे त्याला मिरजेच्या रस्त्यावर कळलं. परदेशात रात्री कळण्यापेक्षा ते बरं.

थांब्यावर

ब्रिटनमध्ये वाहनं आपल्यासारखी रस्त्याच्या डावीकडूनच चालतात, त्यामुळं उभं राहण्याची बाजू चुकत नाही. चुकतो तो थांबा. शहराच्या मध्यभागी एकाच नावाचे चार-पाच खांब असतात आणि प्रत्येकावर वेगळ्या बस लागतात. लंडनमध्ये खांबाच्या डोक्यावर इंग्रजी अक्षर असतं, दुसऱ्या बऱ्याच शहरांतही तशी अक्षरं किंवा आकडे असतात. नकाशा जे अक्षर सांगतो तेच खांबावर आहे का बघा. आपल्या स्टँडवरच्या फलाटांसारखंच हे, फक्त फलाट रस्ताभर विखुरलेले.

खांबावर काचेमागं वेळापत्रक असतं. त्यात सोमवार ते शुक्रवार, शनिवार, रविवार असे वेगळे रकाने असतात. घाईत मधला रकाना वाचला जातो, म्हणून आधी वार बघा, मग वेळ.

गाडीच्या कपाळावर दोन गोष्टी असतात, नंबर आणि शेवटचं ठिकाण. आपल्याला पाटीवरचं गावाचं नाव वाचायची सवय आहे, "सांगली-मिरज" वाचलं की पुरे. तिकडं दोन्ही वाचायचं. एकाच नंबरची बस दोन्ही दिशांना जाते, आणि नंबरापुढं अक्षर जोडलेलं असेल तर ती अर्ध्या वाटेत दुसरीकडं वळत असेल. सहा नंबरची बस आणि सहा ए या दोन वेगळ्या बस समजा.

आता थांबवण्याबद्दल, कारण माझी पहिली बस इथंच गेली. सप्टेंबरातली संध्याकाळ होती, बारीक पाऊस पडत होता. मी खांबाखाली छत्री धरून उभी होते. बस आली, दिवे दिसले, नंबर बरोबर होता. मी एक पाऊल पुढं झाले आणि बस पाणी उडवत पुढं गेली. पुढची पंचवीस मिनिटांनी होती. विश्रामबागला गाडी थांबतेच, कारण तिथं कायम माणसं असतात. तिकडं थांब्यावर उभं असणं पुरेसं नसतं. बस शंभर-दीडशे फुटांवर असताना हात खांद्याच्या उंचीला आडवा बाहेर काढायचा आणि ड्रायव्हरनं वेग कमी करेपर्यंत तसाच ठेवायचा. आपल्या एसटीच्या काही थांब्यांवर "विनंती थांबा" असं लिहिलेलं असतं. तिकडचा प्रत्येक थांबा विनंती थांबा आहे असं समजा.

नोव्हेंबरनंतर हे जास्त जपा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागं जातात आणि डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो. काळं जाकीट घालून काळोखात उभा असलेला माणूस ड्रायव्हरला दिसत नाही. मी फोनचा दिवा खाली जमिनीकडं धरून हात बाहेर काढायची. ड्रायव्हरच्या डोळ्यांवर मात्र तो धरू नका.

चढताना

रांग असते. कुणी आखलेली नसते, पण कोण कुणाच्या आधी आलं ते सगळ्यांना माहीत असतं. बस आली म्हणून दाराकडं धावायचं नाही, खिडकीतून रुमाल टाकायचा प्रश्नच नाही. उतरणारे उतरू द्यायचे. लंडनच्या बसला मधे उतरायचं दार असतं, बाकी शहरांतल्या बहुतेक बसना पुढचं एकच दार असतं आणि चढणं-उतरणं तिथूनच होतं.

दारातच ड्रायव्हर आणि त्याच्यापाशी यंत्र. आधी नमस्कारासारखं "हॅलो" म्हणा, मग ठिकाण सांगा आणि तिकिटाचा प्रकार सांगा: एकेरी, जाऊन-येऊन, किंवा दिवसभराचं. मास्तरांना आपण "विश्रामबाग एक" म्हणतो, तसंच. त्यानं यंत्रावर रक्कम आणली की मग कार्ड टेकवा. आधीच टेकवलं तर भलतंच तिकीट निघू शकतं. आवाज आणि हिरवा दिवा आला की झालं. कागद निघाला तर तो उतरेपर्यंत फेकू नका.

लंडनमध्ये यातलं काहीच बोलायचं नाही. चढताना एकदा टेकवायचं, उतरताना पुन्हा टेकवायचं नाही. तिथं बसमध्ये रोख पैसे २०१४ च्या जुलैपासून घेतच नाहीत. काही शहरांत उलट, उतरतानाही टेकवावं लागतं आणि विसरलात तर जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. दाराशी दुसरं यंत्र दिसलं तर ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

रोख देणार असाल तर सुट्टी नाणी ठेवा. एडिंबराच्या शहर बसमध्ये नोट दिली तर उरलेले परत मिळत नाहीत. आपल्याकडं मास्तर तिकिटामागं बाकी लिहून देतात आणि उतरताना आपण ती मागून घेतो, तशी सोय तिकडं नाही.

एक गोष्ट अगदी जपून. आज कार्ड, उद्या फोन, परवा घड्याळ असं बदलत टेकवू नका. दिवसाचं जास्तीत जास्त भाडं ठरलेलं असतं तिथं यंत्र एकाच कार्डावरच्या फेऱ्या मोजतं. तेच कार्ड फोनमध्ये घातलेलं असलं तरी यंत्राच्या लेखी ते दुसरं असतं. एक काय ते ठरवा आणि तेच टेकवा.

तिकिटाचं गणित

इथं थोडं थांबून वाचा, कारण पैसे इथंच वाचतात किंवा जातात.

इंग्लंडमध्ये लंडनबाहेरच्या बहुतेक बसचं एकेरी भाडं सरकारनं जास्तीत जास्त ठरवून दिलंय. १ जानेवारी २०२३ पासून ते २ पौंड होतं, १ जानेवारी २०२५ पासून ३ पौंड झालं, आणि ही मर्यादा मार्च २०२७ पर्यंत ठेवायचं सरकारनं जाहीर केलंय. ही वरची मर्यादा आहे. जवळचं अंतर असेल तर भाडं कमी असू शकतं, म्हणून तर ठिकाण सांगायचं. लंडनची व्यवस्था वेगळी. तिथं २०२५ साली एका फेरीला १.७५ पौंड पडत होते आणि पहिल्यांदा टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी पुन्हा पैसे लागत नव्हते.

आता मांडून बघा. रोज जाऊन-येऊन ६ पौंड, आठवड्याचे पाच दिवस म्हणजे ३० पौंड. पौंड शंभर रुपयांच्या वर आहे, म्हणजे आठवड्याला तीन हजारांच्या पुढं. आपल्याकडं विद्यार्थी पासाला एक तृतीयांशच पैसे भरावे लागतात, त्या सवयीला हा आकडा झोंबतो. म्हणून पहिल्याच दिवशी मुलं सहा महिन्यांचा पास काढून मोकळी होतात. तसं करू नका. पहिला आठवडा एकेरी तिकिटानंच जा आणि वहीत लिहा: कोणत्या वारी गेलो, कोणती बस, कुणाची बस, किती पैसे. पदव्युत्तर अभ्यासक्रमाला बऱ्याचदा आठवड्यात तीनच दिवस तास असतात. तीन दिवसांचे १८ पौंड होत असतील तर २५ पौंडांचा साप्ताहिक पास कशाला?

"कुणाची बस" हे लिहायचं कारण सांगते. आपल्याकडं लाल गाडी म्हणजे एसटी, सांगलीची असो नाहीतर जतची. १ जून १९४८ ला पहिली गाडी पुणे-नगर धावली तेव्हापासून आपल्याला एकच महामंडळ माहीत आहे. ब्रिटनमध्ये १९८५ च्या वाहतूक कायद्यानं लंडनबाहेरच्या बस खासगी कंपन्यांना मोकळ्या केल्या आणि २६ ऑक्टोबर १९८६ पासून ते अमलात आलं. त्यामुळं एकाच रस्त्यावर, एकाच थांब्यावर दोन-तीन कंपन्यांच्या बस येतात, आणि एकीचा पास दुसरीत चालतोच असं नाही.

मी हे शिकले ते पैसे घालवून. दुसऱ्या आठवड्यात फोनवर एका कंपनीचा साप्ताहिक पास घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी घाईत समोर आली ती बस धरली. पास दाखवला तर ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, हा आमचा नाही. मागं रांग होती, माझे कान गरम झाले. वेगळं तिकीट काढलं. त्या आठवड्यात असं तीनदा झालं, कारण माझ्या तासांच्या वेळेला नेमकी दुसऱ्या कंपनीचीच बस जास्त वेळा यायची. वहीत हे आधी लिहिलं असतं तर कोणत्या कंपनीचा पास घ्यायचा ते पानावरच दिसलं असतं.

काही शहरांत सगळ्या कंपन्यांत चालणारा सामायिक पास मिळतो. तो थोडा महाग असतो, पण तुमच्या रस्त्यावर दोन कंपन्या असतील तर तोच परवडतो. मँचेस्टरला जाणाऱ्यांची ही कटकट मिटली आहे, कारण ५ जानेवारी २०२५ पासून त्या सगळ्या परिसरातल्या बस पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली, एकाच पिवळ्या रंगात आल्या आहेत.

सवलतींचं थोडक्यात. लंडनमध्ये अठरा वर्षांवरच्या विद्यार्थ्यांसाठी फोटो असलेलं ऑयस्टर कार्ड, म्हणजे तिथल्या बस-रेल्वेत टेकवायचं प्रवासाचं कार्ड, मिळतं. त्यावर आठवड्याचे, महिन्याचे आणि त्याहून लांब मुदतीचे पास ३० टक्के स्वस्त पडतात, सुट्या फेऱ्या नाही. विद्यापीठात नाव नोंदलं गेल्यावरच अर्ज करता येतो. इतर शहरांत बस कंपन्यांचे सत्रभराचे विद्यार्थी पास असतात, ते विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेच्या कार्यालयात विचारा. स्कॉटलंडला जाणाऱ्यांनी तर आधी स्वतःची जन्मतारीख बघावी. तिथं राहणाऱ्या बावीस वर्षांखालच्यांना ३१ जानेवारी २०२२ पासून बस फुकट आहे. विद्यार्थी तिथं राहायला आला की त्याचाही अर्ज घेतात, पत्त्याचा पुरावा लागतो. बी.ई. होऊन लगेच निघालेली एकवीस वर्षांची मुलगी असेल तर तिनं पहिल्याच आठवड्यात हा अर्ज करावा. वाढदिवसापर्यंतचे जे काही महिने मिळतील ते मिळतील.

बसमध्ये

वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवरून शहर छान दिसतं, पण जिना बस थांबलेली असतानाच चढायचा-उतरायचा. सामान असेल तर खालीच बसा. पुढच्या राखीव सीटवर बसलात आणि वयस्क माणूस आलं तर उठायचं, हे आपल्याला सांगावं लागत नाही. चाकाच्या खुर्चीची मोकळी जागा मात्र आपल्याला नवीन असते. तिथं बॅग लावून उभं राहणं सोयीचं वाटतं, पण खुर्चीतला प्रवासी आला की ती जागा लगेच रिकामी करायची. हा वाद २०१७ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि ड्रायव्हरनं नुसतं एकदा विचारून गप्प बसू नये, असं न्यायालयानं म्हटलं.

घरी व्हिडिओ कॉल करायचा असेल तर कानात इअरफोन घाला आणि हळू बोला. आपला रोजचा बोलण्याचा आवाज तिथं सगळ्या बसला ऐकू जातो.

उतरताना

मास्तर नसल्याची खरी जाणीव इथं होते. थांब्याचं नाव कुणी पुकारत नाही. अलीकडच्या बसमध्ये आवाजात आणि पडद्यावर पुढच्या थांब्याचं नाव येतं. २०२३ च्या नियमांनी ते टप्प्याटप्प्यानं सक्तीचं होत आहे. पण जुन्या बस आहेत, पडदे बंद पडतात, आणि इंग्रजी गावांची नावं लिहितात तशी उच्चारत नाहीत. त्यामुळं नुसत्या आवाजावर राहू नका.

तीन गोष्टी करा. तुमच्या थांब्याच्या आधीच्या दोन थांब्यांची नावं कागदावर लिहून पाकिटात ठेवा. फोनची बॅटरी संपली तरी कागद असतो. तुमच्या थांब्याआधीची एक न चुकणारी खूण पाठ करा. माझी होती लाल विटांचं चर्च आणि त्यानंतरचा पूल. आयर्विन पूल दिसला की सांगली आली हे जसं आपल्याला झोपेतही कळतं, तशी एक खूण तिथंही तयार होते. आणि आधीचा थांबा सुटला की लाल बटण एकदाच दाबा. पुढं "थांबणार" असा दिवा लागतो. तो आधीच लागलेला असेल तर पुन्हा दाबू नका. आपल्याकडं एक बेल म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला, ते काम मास्तरांचं. तिकडं पुन्हा पुन्हा वाजवलं तर ड्रायव्हरला काही बिघडलंय असं वाटतं.

बस पूर्ण थांबल्यावर उठलात तरी चालतं, ड्रायव्हर वाट बघतो. उतरताना पुढच्या दारातून जात असाल तर "थँक यू" म्हणतात. म्हातारेकोतारे, शाळेची पोरं, सगळे म्हणतात. मला ते फार आवडायचं. परत आल्यावर मी मिरजेला उतरताना मास्तरांना म्हणाले तर ते क्षणभर बघत राहिले आणि मग हसले.

थांबा चुकलाच तर घाबरून तिथंच वाट सोडून चालायला लागू नका. पुढच्या थांब्यावर उतरा, रस्ता ओलांडा, समोरच्या खांबावरून त्याच नंबरची परतीची बस घ्या. एवढंच करायचं असतं. काही कळेनासं झालं तर ड्रायव्हरला बस थांबलेली असताना विचारा. चढतानाच "मी नवीन आहे, अमुक थांबा आला की सांगाल का" असं म्हटलं तर बहुतेक ड्रायव्हर सांगतात, पण गर्दीत ते विसरतात हेही खरं.

रात्र, रविवार आणि नाताळ

शेवटची बस किती वाजता आहे हे घरातून निघताना बघायचं, परतताना नाही. काम करत असाल तर मालकाला पहिल्या दिवशीच सांगा की माझी शेवटची बस अमुक वाजता आहे. ते हे समजून घेतात. २५ डिसेंबरला लंडनमध्ये एकही बस धावत नाही, आणि इतर बहुतेक ठिकाणीही तीच गत असते. त्या दिवशी मित्राकडं जेवायला जायचं तर आदल्या दिवशीच मुक्कामाला जा. सणाच्या दिवशी एसटी जादा गाड्या सोडते, आपण दिवाळीला त्यातूनच घरी येतो. त्यामुळं सणाला बस बंद असते हे आपल्या डोक्यातच येत नाही.

तिकीट तपासनीस कधीही चढतात. लंडनच्या बसमध्ये विनातिकीट सापडलात तर १०० पौंड दंड आहे, एकवीस दिवसांत भरला तर ५०. "मला माहीत नव्हतं" हे ऐकून घेतलं जात नाही. यंत्रानं कार्ड घेतलं नाही तर तसंच आत जाऊन बसू नका, ड्रायव्हरला सांगा.

जर्मनीला जाणाऱ्यांसाठी

तिकडं वाहनं उजवीकडून चालतात. म्हणजे आपल्या सवयीनं तुम्ही जिथं उभे राहाल तिथून बस बरोबर उलट्या दिशेला जाते. रस्ता ओलांडतानाही आधी डावीकडं बघायचं. पहिले पंधरा दिवस हे तोंडानं म्हणत चला.

तिथं ड्रायव्हर बऱ्याचदा तिकीट बघतही नाही, फाटक नसतं, म्हणून फुकट आहे असं वाटतं. तपासनीस साध्या कपड्यांत येतात आणि तिकीट नसेल तर ६० युरो दंड होतो. वारंवार सापडल्यास प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं, आणि परदेशी विद्यार्थ्याला ते परवडणारं नाही. कागदी तिकीट नुसतं विकत घेऊन भागत नाही, बऱ्याच ठिकाणी ते छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. शिक्का नसेल तर ते तिकीट नसल्यासारखंच. पण बऱ्याच विद्यापीठांत सत्राच्या शुल्कातच प्रवासाचं तिकीट येतं, आणि २०२४ पासून अनेक ठिकाणी ते देशभरातल्या स्थानिक बस, ट्राम आणि साध्या रेल्वेला चालतं. वेगवान आयसीई गाड्यांना चालत नाही. शुल्काची पावती आली की त्यात हे तिकीट आहे का ते आधी बघा, मगच वेगळा मासिक पास घ्यायचा विचार करा.

पहिला रविवार

पोचल्यावर पहिल्या मोकळ्या दिवशी, उजेड असताना, तास नसताना, तुमच्या नंबरची बस घ्या आणि घरापासून शेवटच्या थांब्यापर्यंत जा. दिवसभराचं तिकीट काढा. डावीकडच्या खिडकीशी बसा म्हणजे थांबे दिसतील. दुकान कुठं आहे, दवाखाना कुठं, भारतीय किराणा कुठं दिसतो, कोणत्या थांब्याला आडोसा आहे आणि कोणता उघड्यावर आहे, सगळं वहीत लिहा. शेवटच्या थांब्यावर उतरून परत या, आणि येताना विद्यापीठाच्या दारात उतरून तुमच्या वर्गापर्यंत चालत जा, किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा. दार बंद असेल, तरी चालेल. मग घरी फोन करा आणि आईला थांब्याचं नाव सांगा. आमच्या शेजारच्या मुलाच्या आईनं ते नाव कॅलेंडरवर सप्टेंबरच्या पानावर लिहून ठेवलंय, देवनागरीत, तिला ऐकू आलं तसं.